अंबक्कांचा न चाखलेला कॉफीपाक

कॉफी म्हणजे काय ते मला ज्या बाईनं शिकवलं, ती स्वतः कॉफी पीत नव्हती. पीत नव्हती म्हणजे थेंबसुद्धा जिभेवर ठेवत नव्हती. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात, म्हातारी चळली की काय म्हणून. बघू देत. मी सगळं डोळ्यांनी बघितलंय, आणि एका अडचणीच्या वेळी तर त्यांच्या शेगडीपाशी माझी जीभही कामाला आली. ते पुढे येईलच.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या ह्यांची साताऱ्याहून बंगलोरला बदली झाली आणि बसवनगुडीत एका घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. खाली मालक राहायचे. दारावरची पाटी कन्नड, शेजार सगळा कन्नड. मी भीतभीत खाली गेले आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "पानी कब आता है?" आतून उत्तर आलं, "पहाटे येतंय की. हंडे भरून ठेवायचे. तुम्ही मराठी दिसता?"

मी आ वासून उभी राहिले. समोर एक उंच, हडकुळी बाई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. मी म्हटलं, "अय्या, तुम्ही पण आमच्याकडच्या?"

"तुमच्याकडच्या कशा? आम्ही इथल्याच," त्या म्हणाल्या. "पेशवाई नव्हती तेव्हा आलोय इकडे. तुम्हालाच स्वल्प उशीर झाला." आणि हसल्या.

ह्या अंबक्का. त्यांचे यजमान व्यंकोबाराव, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, म्हणून घरात बहुतेक वेळ तीनच माणसं: अण्णा, अक्का आणि सून रेवती. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. "सरी" म्हणजे ठीक, "साकु" म्हणजे पुरे, आणि "स्वल्प" तर जिथे तिथे. महिन्याभरात मीही भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा की" म्हणायला लागले.

आता अक्कांच्या नाकाबद्दल सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

त्यांच्या घरात स्वयंपाक सोवळ्यात. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, आणि चाखायचं तर मुळीच नाही. उष्टं होतं ना. म्हणजे नवी नवरी म्हणून त्या घरात आल्यापासून अक्कांनी न चाखता रांधलेलं. सासू चुलीपाशी उभं करायची आणि विचारायची, "सांग, सारात काय कमी आहे?" वासावर सांगायचं. चुकलं तर दिवसभर टोमणे.

मला हे सगळं घरोघरच्या सासवांच्या गोष्टींसारखं वाटलं. एकदा मी वरून वाटीत भोपळ्याची भाजी घेऊन खाली गेले. अक्का अंगणात तांदूळ निवडत होत्या. वाटीवरचं झाकण मी काढलं मात्र, मान वर न करता म्हणाल्या, "कुसुम, मीठ विसरलीस."

मी म्हटलं, "अक्का, मिठाला कुठे वास असतो?"

"मिठाला नसतो गं. मीठ पडलं की भोपळ्याचा वास बदलतो. तो बदललेला नाही."

मी वर येऊन चाखली. खरंच अळणी. आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "योगायोग." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम आमटीत दोनदा मीठ घालायला लावलं आणि स्वतः वाटी घेऊन खाली गेले. दोन मिनिटांत परत आले. वाटी ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "म्हणाल्या, परीक्षा घ्यायची असेल तर चांगल्या डाळीची तरी नासाडी करू नका."

तर असं ते नाक. आता कॉफी.

बंगलोरात राहून कॉफी सोडणं म्हणजे काय, हे साताऱ्याच्या चहाबाज बाईला कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं. तिथे माणूस सकाळी उठतो तो कॉफीसाठी. गांधी बाजारात कॉफीच्या दुकानासमोरून गेलं की बिया भाजल्याचा वास साडीत बसून घरी येतो. आणि अक्कांचं माहेर चिकमगळूरकडचं, लहानपण कॉफीच्या बागांशेजारी गेलेलं. लग्नात माहेरून पितळेचा फिल्टर आणला होता त्यांनी. पहाटे अण्णा आणि त्या मागच्या पायरीवर बसून कॉफी प्यायचे. एकत्र कुटुंब, सासू-सासरे, दीर-जावा. नवराबायकोनं दिवसात एकमेकांशी बोलायचं ते त्या पायरीवरच.

मग सासू-सासरे गेल्यावर दोघं काशी-गयेला गेले. गयेला पिंडदान केलं की काहीतरी सोडून यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. माझ्या सासूबाईंनी कारलं सोडलं होतं. जन्मात कधी कारलं तोंडात घातलं नाही, तेच सोडून आल्या. एकदा गप्पांत हे मी अक्कांना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"देव काय भंगारवाला आहे काय गं," म्हणाल्या, "नको असेल ते त्याच्या पदरात टाकायला?"

"मग तुम्ही काय सोडलंत?"

"कॉफी."

सहज म्हणाल्या. आणि हातातली कोथिंबीर निवडायला लागल्या.

पुढची गोष्ट मला अण्णांनी सांगितली, आणि दहा वेळा सांगितली, कारण तो त्यांचा आवडता राग होता. "मला विचारलं नाही हं कुसुमताई! फल्गू नदीच्या वाळूत उभी राहून संकल्प सोडून मोकळी! परतीच्या गाडीत मी स्टेशनावर उतरलो, सवयीनं दोन पेले कॉफी आणली. ही खिडकीतून म्हणते, मला नको. गाडी सुटायची वेळ. मी काय करू? दोन्ही पेले मीच प्यालो. त्या दिवसापासून दोन पितोय. एक माझा, एक हिचा."

"कुणी सांगितलं होतं?" अक्का आतून.

"तुझा पेला पिऊन पिऊन माझं पोट गेलं!"

"माझा पेला चांगलाच होता. तुमच्या पेल्यानं गेलं असेल."

असं त्यांचं चालायचं. पण हसता हसता अण्णांच्या आवाजात एक खरा सलही होता, तो मला ऐकू यायचा. बायकोनं कॉफी सोडली म्हणजे पायरी सोडली, असंच त्यांना वाटलं असणार. अक्का नंतरही पहाटे पायरीवर बसायच्या, पेल्यात गरम पाणी घेऊन. पण गरम पाणी पिणाऱ्या माणसाशी किती बोलणार?

आणि तरीही घरातली कॉफी अक्काच करायच्या. फिल्टरमध्ये पावडर किती दाबायची, पाणी कुठल्या उकळीचं, कॉफीत मिसळायची चिकोरीची पूड किती, सगळं त्यांच्या हातात. अण्णा प्रत्येक पेल्याला काहीतरी खोट काढायचे. "आज स्वल्प घाई केलीस." "आज भाजणी जास्त आहे, दुकानदाराला सांग." घरात कधी कुणी त्यांच्या तोंडून "छान" ऐकलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

कॉफीपाक कसा सुरू झाला ते अक्कांनाही नीट आठवत नव्हतं. कधीतरी अण्णा गावाला गेले होते आणि फिल्टरमधला पहिल्या धारेचा दाट कॉफीचा अर्क उरला. टाकायचा कसा? साखर जाळून त्यात तो घातला, आटवलं, आणि केळ्याच्या कापांवर घालून मुलाला दिला. मुलानं बशी चाटली. मग तो पाक घराण्याचाच झाला. केळ्यांवर, शेवयांवर, आणि नव्वदच्या त्या दिवसांत घरोघरी कस्टर्ड आलं होतं, त्या कस्टर्डवर. वाढदिवसाला व्हॅनिला आइस्क्रीमची वीट वर्तमानपत्रात गुंडाळून पळत पळत आणायची आणि तिच्यावर हा काळसर, चकचकीत पाक सोडायचा. गल्लीतल्या पोरी त्याला "अंबक्काचा सॉस" म्हणायच्या. अक्का म्हणायच्या, "सॉस बाटलीत असतो गं, टमाट्याचा. हा पाक."

तो करताना त्यांना बघणं म्हणजे, काय सांगू, देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. मी काम सोडून खाली जायची.

जाड बुडाच्या पातेल्यात कोरडी साखर. पाणी नाही, काही नाही. मंद आच. साखर कडेनं विरघळायला लागली की त्या पातेलं नुसतं हलवायच्या, पळी घालायच्या नाहीत. रंग मधासारखा व्हायचा, मग ताज्या तांब्यासारखा. मला वाटायचं झालं, आता झालं. अक्का मान थोडी पुढे काढून, डोळे मिटून उभ्या. आणि कुठल्याशा एका क्षणाला, जो मला कधीही कळला नाही, त्या गरम अर्काची धार सोडायच्या. सगळं पातेलं फसफसून वर यायचं, वाफेचा लोट उठायचा, आणि त्या वाफेत उभी राहून ही बाई मोठा श्वास घ्यायची. तेवढंच. तीच त्यांची कॉफी. मग आटवलेलं दूध, घरच्या लोण्याचा गोळा, चिमूट मीठ. आणि मग कान. होय, कान! उकळीचा आवाज आधी बारीक चुरचुर असा येतो, मग दाट व्हायला लागला की डुबुक डुबुक. त्या आवाजावर गॅस बंद.

एकदा पाक उडून त्यांच्या बोटावर पडला. चटका बसला. आपण काय करू? बोट तोंडात. त्यांचा हात अर्ध्यावर आला, थांबला, आणि नळाखाली गेला. मी बघत होते. कुणी बघत नसतं तरी तो नळाखालीच गेला असता, ह्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

कृती त्यांनी कधी लपवली नाही. बंगलोरातल्याच बनशंकरी भागातून एक कंप्युटरवाली मराठी मुलगी आली होती, पुण्याची, सासरच्यांना करून घालायचं म्हणून. मापाचे पेले घेऊन आली. सगळं मोजून घेतलं, घरी जाऊन केलं, बाटली भरून आणून दाखवली. चांगला झाला होता हो! अक्कांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "हा तुझा झाला. माझ्यापेक्षा गोडाकडे आहे. तुझ्या घरात गोड खातात ना?" ती म्हणाली, "हो, सासऱ्यांना गोड लागतं." "मग बरोबर आहे. माझ्यासारखा करू नकोस."

मग ते वर्ष आलं.

अण्णांचं पोटाचं ऑपरेशन झालं. बरे होऊन घरी आले, पण अन्नावरची वासनाच उडाली. कॉफी डॉक्टरांनी बंद केली होती. भात नको, सार नको, दूध नको. धिप्पाड माणूस, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. अक्कांनी डॉक्टरांना विचारलं, चमचाभर कॉफीपाक चालेल का? ते म्हणाले, "चमचाभर काहीही चालेल आजी, पण त्यांना खायला घाला. खाल्लं नाही तर आमच्या औषधाचा काही उपयोग नाही."

आणि त्या एका चमच्यानं काम केलं. वाटीभर कस्टर्ड, वर चमचाभर पाक. पाकाच्या ओढीनं अण्णा तळापर्यंत जायचे. "आज स्वल्प पातळ झालाय," म्हणत म्हणत वाटी रिकामी. दुपारी केळं, त्यावर पाक. "हे केळं पिकलेलं नाही." पण खायचे. गालांवर जरा तकाकी यायला लागली होती.

तेवढ्यात अक्कांना ताप आला. साधा सर्दीताप, गल्लीत सगळ्यांना झाला होता. चार दिवसांनी उठल्या, कामाला लागल्या, पाक केला. मी विचारलं, "बरं वाटतंय ना?" म्हणाल्या, "नाक अजून बंद आहे. कान उघडे आहेत की."

नाक उघडलं. श्वास मोकळा झाला. वास मात्र आला नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एके दिवशी सकाळी त्या जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत, म्हणून मी दचकलेच. हातात छोटी वाटी. दारातच म्हणाल्या, "कुसुम, खरं सांगशील?"

"काय झालं अक्का?"

"हे पाकाला छान म्हणाले."

"मग?"

"मग काय? काल म्हणाले, परवाही म्हणाले. छान! इतक्या वर्षांत कधी म्हणाले नाहीत. आणि वाटीत निम्मं कस्टर्ड तसंच." त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "चाख."

मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. करपलेलं. कडूजहर. साखर तांब्याच्या पुढे जाऊन जळली होती. त्या दोन्हींत डोळ्यांना दिसेल इतका फरक नसतो. तो फरक फक्त वासाला कळतो, आणि वास तर गेलेला. माझं तोंड बघून त्यांना उत्तर मिळालं. तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे हे करपलेलं गिळताहेत," हळूच म्हणाल्या. "का ते कळलं का तुला? ह्यांना ठाऊक झालंय माझं नाक गेलेलं. खोट काढली, तर घरचे मला म्हणतील, चाखून कर. माझा नेम मोडेल. ज्या नेमावर जन्मभर डोळे वटारले, तोच राखायला आता करपलेलं खाताहेत."

त्या रडल्या वगैरे नाहीत. पदरानं वाटीची कड पुसत बसल्या.

घरात मग व्हायचं ते झालंच. रेवती सासूला म्हणाली, "अत्ते, तुम्ही कॉफी प्यायची सोडलीत ना? चाटायची कुठे सोडलीत?" पूजेला येणाऱ्या भटजींना विचारलं तर ते म्हणाले, साखरेच्या पाकात पडली की ती कॉफी राहत नाही, मिठाई होते; आणि अगदीच वाटलं तर नंतर प्रायश्चित्त आहे की. मी स्वतः म्हटलं, "अक्का, नवऱ्याच्या जिवापेक्षा नेम मोठा का?" त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"पळवाट मलाही दिसते गं," म्हणाल्या. "पण मला दिसली म्हणजे ज्याला शब्द दिला त्यालाही दिसली. आणि जीव जायची वेळ आली, तर मी एक चमचाच काय, फिल्टरभर पिईन, आणि काय भोगायचं ते भोगेन. पण अजून माझे सगळे उपाय संपलेत कुठे? उपाय असताना शब्द मोडला, तर तो आळस झाला."

मग मला म्हणाल्या, "उद्या सकाळी खाली ये. उपाशी ये."

"मी? अहो, मी चहावाली. मला कॉफीतलं काय कळतं? रेवतीला घ्या, तिला आवडते."

"म्हणूनच नको. जिला आवडते, तिची जीभ लाड करते. तुला कॉफी आवडत नाही, तू खोटं बोलणार नाहीस."

"आणि अण्णा?"

"हे तर घरचे साक्षीदार. ह्यांची जीभ सध्या माझी बाजू घेतीय. नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेगडीपाशी पाट घेऊन बसले. पाक नैवेद्याचा नव्हता, म्हणून माझ्या चाखण्याला सोवळ्याची आडकाठी नव्हती. साखर तापायला लागली. "काय वास येतो?" मी म्हटलं, "गोड." "गोड म्हणजे कशासारखा? जत्रेतल्या बत्ताशासारखा, की गुऱ्हाळासारखा?" मी डोळे मिटले. "बत्ताशासारखा." थोड्या वेळानं, "आता?" "आता... गुऱ्हाळ." "आता?" "अक्का, शेंगदाणे भाजल्यासारखा काहीतरी..." तेवढ्यात त्यांनी धार सोडली होती. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत!

मग चाखणं. मी म्हटलं, "छान आहे." त्यांनी पळीच उगारली. "छान मला नको! छान ऐकूनच तर इथवर आलोय. सांग, आधी काय येतं?" "गोड." "कुठे?" "कुठे म्हणजे?" "शेंड्यावर, कडेला, की मागे?" "शेंड्यावर." "मग?" "मग कडू. मागे, घशाशी." "मधे काही आहे का मोकळं?" मी पुन्हा चाखलं. बायांनो, होतं! गोड सरल्यावर आणि कडू यायच्या आत एक मोकळी जागा होती. आयुष्यभर खाल्लं मी, पण जिभेवर अशी वाट असते, तिच्यात वळणं असतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "आहे," मी म्हटलं. "किती?" "श्वास घेण्याइतकी." "जास्त झाली. लोणी घालू या." लोणी गेलं, आणि ती जागा भरून आली.

तीन दिवस असं चाललं. पहिले दोन पाक त्यांनी घरात कुणाला दिलेच नाहीत. ज्या वस्तूचा ना वास कळत होता, ना चव घ्यायची होती, ती ही बाई माझ्यासारख्या अडाणी जिभेला प्रश्न विचारून विचारून पुन्हा उभी करत होती. आंधळ्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांनी रांगोळी घालावी ना, तसं. आणि प्रश्न इतके नेमके की दोन दिवसांत माझीच जीभ शहाणी झाली. कॉफी म्हणजे नुसतं कडू पाणी नाही, ते मला तिथे कळलं.

तिसऱ्या दिवसाचा पाक कस्टर्डवर घालून रेवतीनं अण्णांसमोर ठेवला. अक्का दाराशी, भिंतीला टेकून. मी त्यांच्या मागे. अण्णांनी चमचा तोंडात घातला. दुसरा चमचा घेतला. मग कपाळाला आठी.

"मीठ स्वल्प जास्त झालंय," म्हणाले. "आणि ही चिकोरी कुठल्या दुकानाची? लाकडासारखी लागते."

रेवती बिचारी घाबरली. "अण्णा, बदलून आणू का?"

"नको. आता घातलंयस तर खातो." आणि खाल्लं. तळापर्यंत. मग चमच्यानं वाटी वाजवली. "अजून आहे का कस्टर्ड? का मोजून करता?"

अक्कांनी तोंडाला पदर लावला आणि आत वळल्या. मला वाटलं रडताहेत. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर ओट्याला धरून हसत होत्या, आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. "ऐकलंस?" म्हणाल्या. "लाकडासारखी म्हणे! अय्यो, लाकडासारखी!" एवढ्या आनंदानं शिव्या खाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "तुझी चाकरी संपली गं. साक्षीदार शुद्धीवर आला."

आणि खरंच संपली. दुसऱ्या दिवसापासून मला बोलावणं आलं नाही. थोडा रागही आला मला, खोटं कशाला सांगू!

पुढे वर्षभरात आमची बदली झाली. सामानाचा ट्रक पुढे गेला, रिक्षा दाराशी आली, आणि मी किल्ली द्यायला मागच्या दारानं त्यांच्या स्वयंपाकघराकडे गेले. दार उघडंच होतं. अक्का शेगडीपाशी उभ्या, हातात पळी. अण्णा वेताच्या खुर्चीत, पुढ्यात बशी. अंग पुन्हा भरलेलं, सदरा अंगाला बसलेला.

"आधी काय?"

"गोड."

"मग?"

"थांब की. येऊ दे."

"आलं?"

"अगं, रेल्वे आहे का ती, हाक मारली की यायला? थांब."

अण्णांनी डोळे मिटले. अक्का बोलायच्या थांबल्या, आणि त्यांच्या गळ्याकडे बघायला लागल्या. नुसत्या बघत होत्या. तो घोट गळ्यातून कसा खाली उतरतो, कुठे अडतो, कुठे सैल पडतो. साखरेच्या वासापाशी डोळे मिटून उभी राहणारी बाई आता तितक्याच एकाग्रपणे, डोळे उघडे ठेवून उभी होती. मला हाक मारायचा धीर झाला नाही. किल्ली मी उंबऱ्यावर ठेवली.

"हं," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी अजून डोळे उघडले नव्हते, तोंडातून शब्द काढला नव्हता. अक्कांनी वळून पातेल्यात दुधाची बारीक धार सोडली.